मुंबईतल्या बँकांच्या प्रधान नोडल अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
प्रधान नोडल अधिकारी,
मुंबईत शाखा असलेल्या सर्व सरकारी, खासगी आणि सहकारी बँका

विषय: खात्यातून चुकीने कापलेले चार्ज, त्यावरचा जीएसटी आणि उत्तराविना पडून राहणाऱ्या तक्रारी

महोदय, महोदया,

बँकेतल्या तक्रारींचे प्रमुख अधिकारी म्हणून हे पत्र तुम्हाला. तुमच्या शाखेने आणि कॉल सेंटरने ज्यांची बोळवण केली, असे खातेदार शेवटी आमच्यासारख्यांकडे कागद घेऊन येतात. आम्ही म्हणजे काही निवृत्त बँक कर्मचारी आणि ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते. स्टेटमेंट वाचायचं, कुठला चार्ज नियमात बसतो आणि कुठला नाही ते पाहायचं आणि पत्र तयार करून द्यायचं, एवढंच आमचं काम. यापुढे तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारी कशा लिहिलेल्या असतील हे तुम्हाला आधी कळावं आणि खातेदारांनाही तशाच लिहिता याव्यात, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

पहिला मुद्दा पासबुकातल्या नोंदीचा, कारण बहुतेक तक्रारी तिथंच लंगड्या पडतात. तारीख, पुढे ‘सीएचआरजीएस’ किंवा ‘एसआय चार्ज’ असं काहीतरी, आणि नावे रक्कम १७७.००. कशाचे, कुठल्या महिन्याचे, कुठल्या चेकचे, पत्ता नाही. खातेदार शाखेत येऊन ‘माझे पैसे कापले’ म्हणतो, काउंटरवरून ‘सिस्टीमने कापले’ असं उत्तर मिळतं आणि प्रकरण मिटतं. रिझर्व्ह बँकेने २२ जून २०१७ च्या परिपत्रकात पासबुक आणि स्टेटमेंटमधल्या नोंदी कशा हव्यात, याचा नमुनाच दिला आहे. बँकेच्या चार्जबद्दल त्यात स्पष्ट आहे: चार्ज कशा प्रकारचा, म्हणजे फी, कमिशन, दंड, यांतलं काय, आणि कारण थोडक्यात, जसं चेक परत गेला तर चेकचा नंबर, एसएमएस, एटीएम, चेकबुक वगैरे. न समजणाऱ्या नोंदी टाळा, हे तर त्याच्याही आधीपासून सांगितलं जातंय. म्हणून यापुढे आमच्या पत्रातली पहिली मागणी परताव्याची नसेल. ‘अमुक तारखेची अमुक रकमेची नोंद कशाची आहे, तुमच्या दरपत्रकातल्या कुठल्या कलमाखाली आणि हिशेब कसा केला’, हे आधी विचारलं जाईल. याचं उत्तर तुमच्या सिस्टीममध्ये एका क्लिकवर असतं, त्यामुळे ‘चौकशी सुरू आहे’ हे इथे चालणार नाही.

खातेदारांसाठी एक सोपी युक्ती. कापलेल्या रकमेला १.१८ ने भागा. बँकेच्या सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मूळ चार्ज लगेच उघडा पडतो. १७.७० म्हणजे १५ रुपये अधिक कर, १७७ म्हणजे १५०, २९५ म्हणजे २५०, ५९० म्हणजे ५००. २७.१४ दिसलं तर ते २३ रुपये, म्हणजे मोफत मर्यादेपलीकडच्या एटीएम व्यवहाराचा १ मे २०२५ पासूनचा कमाल दर. मूळ आकडा हाती आला की बँकेच्या वेबसाइटवरचं दरपत्रक उघडून तो कुठल्या ओळीत बसतो ते शोधता येतं. कुठेच बसत नसेल तर तक्रार अर्धी लिहून झाली. मात्र चार्ज कापल्याच्या तारखेला लागू असलेलं दरपत्रक पाहायचं. वेबसाइटवर बहुधा नवं असतं, जुनं मागून घ्यावं लागतं. दर किंवा किमान शिल्लक बदलायची तर खातेदाराला किमान एक महिना आधी कळवायचं बंधन तुमच्यावर आहे, त्यामुळे बदल कधी आणि कसा कळवला, हाही प्रश्न पत्रात येईल.

आता किमान शिलकीचा दंड. मुंबईत सगळ्यात जास्त कापला जाणारा आणि सगळ्यात जास्त गोंधळाचा चार्ज हाच, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर.

किमान शिल्लक किती ठेवायची हे ठरवायचा अधिकार बँकेचा आहे. ‘दहा हजार फार होतात’ अशी तक्रार लिहून काही उपयोग नाही. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून लोकपालांकडेही, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांकडेही, ती टिकत नाही. २०२५ मध्ये काही सरकारी बँकांनी हा दंड आपणहून काढून टाकला, त्यांचं कौतुक आहे, पण बाकीच्यांवर तशी सक्ती नाही. सक्ती आहे ती दंड कसा कापायचा यावर. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, लागू १ एप्रिल २०१५ पासून. त्यात चार गोष्टी आहेत आणि बहुतेक चुकीचे चार्ज या चारांपैकी एकीत अडकतात. शिल्लक कमी पडली की आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने तसं कळवायचं. त्यानंतर किमान एक महिना मुदत द्यायची. दंड कमी पडलेल्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांनी घ्यायचा, म्हणजे सहाशे कमी पडले तरी पाचशे आणि सहा हजार कमी पडले तरी पाचशे, असा सपाट आकडा चालत नाही. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये.

शिल्लक कमी पडली का, हेही आधी मोजून पाहावं. मासिक सरासरी म्हणजे रोज दिवसअखेरची शिल्लक, सगळ्या दिवसांची बेरीज, भागिले दिवस. खात्यात वीस दिवस ५,००० आणि पुढचे दहा दिवस २२,००० असतील तर बेरीज ३,२०,००० आणि सरासरी १०,६६७. दहा हजारांच्या अटीत हे खातं बसतं, जरी महिन्याचा बराच काळ निम्मीच शिल्लक होती. उलटही होतं. महिनाअखेरीला पन्नास हजार भरले आणि दुसऱ्या दिवशी काढले, तर सरासरीत जेमतेम सतराशेची भर पडते आणि खातेदार ‘मी तर पन्नास हजार ठेवले होते’ म्हणून भांडत बसतो. असं प्रकरण आम्ही पुढे पाठवत नाही. काही खात्यांना तिमाही सरासरी असते. तिथं नव्वदेक दिवसांचा हिशेब मांडावा लागतो.

तुमच्याकडची ठरलेली सबब म्हणजे ‘एसएमएस पाठवला होता’. पाठवला असेल तर तारीख, वेळ, मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे आणि मजकूर उत्तरात द्या. नंबर बदलल्याचा अर्ज शाखेत दिलेला असतो, तो सिस्टीमला चढवलेला नसतो आणि नोटिसा जुन्या नंबरावर जात राहतात. हे किती वेळा होतं ते तुम्हीही जाणता. बँक सरकारी असेल तर हीच माहिती माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते आणि तीस दिवसांत द्यावी लागते. खासगी बँकांना तो कायदा लागू नाही, तिथं सगळी मदार तक्रारपत्रावरच.

आणखी दोन प्रकारच्या खात्यांवर हा दंड कापला जाताना दिसतो. एक, पगाराचं खातं. नोकरी सुटते, पगार येणं थांबतं, काही महिन्यांनी खातं नेहमीच्या बचत खात्यात बदलतं आणि किमान शिल्लक शून्यावरून एकदम दहा हजारांवर जाते. रूपांतर कुठल्या तारखेला झालं आणि ते खातेदाराला कसं कळवलं, हे विचारल्यावर बऱ्याच बँकांची बोलती बंद होते. दुसरं, बंद पडलेलं खातं. दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय ठरतं, बँकेने स्वतः टाकलेले चार्ज आणि व्याज त्यात धरत नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही आणि खातं पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. चाळ सोडून विरार-बदलापूरला गेलेल्या कुटुंबांची गिरगाव-परळच्या शाखांमधली जुनी खाती उघडून पाहिली, तर या नियमानंतरच्या कपातीही सापडतात.

उणे शिलकीचा नियम चुकवायची एक पळवाट मात्र खास नावाने सांगितली पाहिजे. खात्यात पैसे नसले की सिस्टीम चार्ज थकबाकी म्हणून मांडून ठेवते आणि पुढे जे काही जमा होईल त्यातून ओढून घेते. कागदावर खातं उणे झालेलं नसतं, पण शिष्यवृत्ती, निराधार योजनेचं मानधन, आलेला पहिला पगार, सगळं आधी त्यात जातं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा अशा कपातींच्या तक्रारी राज्यभर गाजल्या. अशा वेळी तक्रारीत मांडून ठेवलेल्या प्रत्येक चार्जची मूळ तारीख मागायची आणि त्या प्रत्येक महिन्याची नोटीस मागायची. थकबाकीची साखळी एका महिन्याच्या नोटिशीवर उभी राहू शकत नाही.

आणि साखळीवरून पुढचा मुद्दा, जो तुमचे लोक जाणूनबुजून लहान करतात. चुकीचा चार्ज एकटा येत नाही. समजा खात्यात ६,३०० आहेत आणि पाच तारखेला ६,२०० चा कर्जाचा हप्ता नॅचमधून, म्हणजे खात्यातून आपोआप वळता होण्याच्या सोयीतून, जायचा आहे. चार तारखेला तुम्ही १७७ रुपये कापले. शिल्लक ६,१२३. हप्ता परत गेला, परतीचा चार्ज ५९०. शिल्लक ५,५३३. कर्ज देणाऱ्याने त्याच महिन्यात पुन्हा मागणी पाठवली, पुन्हा परत, पुन्हा ५९०. आता ४,९४३. शिवाय कर्ज देणाऱ्याचा वेगळा दंड, क्रेडिट रिपोर्टवर डाग, आणि सरासरी घसरल्यामुळे पुढच्या महिन्यात पुन्हा किमान शिलकीचा चार्ज. तक्रार केली की तुम्ही १५० रुपये परत करता आणि ‘तक्रार निकाली’ असा एसएमएस धाडता. यापुढे पत्रात पहिल्या चुकीच्या नोंदीमुळे झालेली प्रत्येक पुढची नोंद क्रमाने मांडलेली असेल आणि परतावा मूळ तारखेने जमा करा अशी मागणी असेल. मूळ तारखेनेच का? कारण आज पैसे जमा केले तर मागच्या महिन्यांची सरासरी सुधारत नाही आणि त्या आधारावर कापलेले पुढचे दंड तसेच राहतात. व्याज रोजच्या शिलकीवर असल्याने तेही काही पैसे, काही रुपये निघतं. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती मागितल्याशिवाय तुमचा विभाग मूळ तारखेचा विषय काढत नाही असा अनुभव आहे.

जीएसटीचंही तसंच. ५९० कापता, ५०० परत करता. कर परत द्यायचा तर बँकेला क्रेडिट नोट, म्हणजे आधी लावलेला चार्ज आणि कर कमी केल्याचा कागद, काढावी लागते, आणि ती करात वळती करून घ्यायला मुदत असते: आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. तक्रार वर्ष-दीड वर्ष लोंबकळत ठेवली की ही तारीख उलटते आणि मग ‘टॅक्स सरकारजमा झाला’ असं सांगितलं जातं. चूक बँकेची, उशीर बँकेचा, मग बोजा खातेदाराने का उचलावा? खातेदारांनी मात्र हिशेब ठेवावा: मार्चमध्ये कापलेल्या चार्जला नोव्हेंबरपर्यंत जेमतेम आठ महिने असतात.

बाकीचे चार्ज भराभर सांगतो. एटीएममध्ये नोटा नव्हत्या, मशीन बिघडलं, लिंक तुटली किंवा पिन चुकला, तर तो व्यवहार मोफत व्यवहारांच्या संख्येत धरायचा नाही. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर शिल्लक पाहणं, चेकबुक मागणं, पैसे वळते करणं हेही धरायचं नाही. १४ ऑगस्ट २०१९ चं परिपत्रक. मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीनच व्यवहार मोफत आहेत, इतर बहुतेक शहरांत पाच, त्यामुळे एखादा फसलेला व्यवहार चुकून मोजला गेला तरी इथे लगेच फटका बसतो. पैसे न येता खात्यातून वजा झाले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये, तेही खातेदाराने न मागता. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापरावर घ्यायचे आहेत. तीन महिने एकही व्यवहार नसलेल्या खात्याला पूर्ण तिमाहीची रक्कम लावली असेल तर किती एसएमएस गेले ते विचारावं. साध्या बचत ठेव खात्याला, म्हणजे जनधनसारख्या, किमान शिल्लक नाही. अशा खात्यांवर चारपुढच्या डिजिटल व्यवहारांना १७.७० रुपये लावण्याचा प्रकार पवईच्या आयआयटीतल्या अभ्यासाने उजेडात आणला होता, आणि ३० ऑगस्ट २०२० ला प्रत्यक्ष कर मंडळाने रुपे, यूपीआय वगैरे ठरावीक मार्गांवर १ जानेवारी २०२० पासून घेतलेले चार्ज परत करायला बँकांना सांगितलं.

४३६ आणि २० या दोन रकमा मे महिन्याच्या आसपास दिसल्या तर त्या जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याच्या आहेत. खातेदाराने होकार दिला असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सहीच्या फॉर्मची किंवा ज्या ओटीपीने होकार घेतला त्याच्या नोंदीची प्रत मागायची. प्रत निघत नाही तिथं पैसे परत करण्यावाचून बँकेकडे मार्ग उरत नाही. एकाच माणसाच्या दोन बँकांतल्या दोन खात्यांतून कपात झाली असेल तर दुसरी उघडच चुकीची, कारण हा विमा एका व्यक्तीला एकाच खात्यातून घेता येतो.

कर्जखात्यात ‘दंडव्याज’ हा शब्द दिसला तर तारीख पाहावी. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद करून फक्त दंडात्मक चार्ज ठेवला, आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायलाही मनाई केली. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून, जुन्यांना ३० जून २०२४ पर्यंत.

एक खुलासा. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं एकत्र करून नव्या निर्देशांमध्ये बांधली. तेव्हापासून काही शाखांमधून ‘ते सर्क्युलर आता रद्द आहे’ असं उत्तर ऐकू येतं. ती जुन्या नियमांची नुसती नव्याने मांडणी होती. शिवाय चार्ज ज्या दिवशी कापला त्या दिवशी जो नियम लागू होता तोच पाहायचा. म्हणून पत्रात निव्वळ परिपत्रकाचा नंबर टाकून थांबू नये, नियम काय म्हणतो ते एका वाक्यात लिहावं.

आता तक्रार हाताळण्याच्या पद्धतीबद्दल. शाखेत पत्र दिलं की पोच मिळत नाही, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा’. प्रत्येक शाखेत तक्रारवही असावी, तिच्यात फाडून देण्याच्या प्रती असाव्यात आणि खातेदाराला जागच्या जागी पोच मिळावी, असं तुमच्या नियंत्रकाने लिहून ठेवलंय. वही नसेल तर तेही आम्ही पत्रात लिहू. खातेदारांनी शाखेत हुज्जत घालण्यापेक्षा तेच पत्र नोंदवलेल्या ईमेलवरून शाखेला आणि नोडल अधिकाऱ्याला पाठवावं, आणि ईमेल नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय. पत्र एका पानाचं. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, नोंदींचा तक्ता, प्रत्येक नोंदीपुढे कुठला नियम मोडला ते, एकूण रक्कम करासह, आणि शेवटी ‘तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे’. रागाचा परिच्छेद घालायचा नाही. तो वाचून तुमचा माणूस उत्तर रागाला देतो आणि रकमेचं राहून जातं.

पत्ता शोधताना जपून. तुमच्या वेबसाइटवर नोडल अधिकाऱ्याचं नाव सात क्लिक आत दडवलेलं असतं, म्हणून लोक गूगलवर ‘बँक कस्टमर केअर’ शोधतात आणि भामट्यांच्या तावडीत सापडतात. परताव्यासाठी ओटीपी, पिन किंवा स्क्रीन दाखवणारं अॅप लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०. या फसवणुकीतला तुमचा वाटा तुम्ही कधी मोजत नाही.

कॉल सेंटरचा तक्रार क्रमांक मिळतो, तीन दिवसांनी ‘रिझॉल्व्ह्ड’ असा संदेश येतो, खातेदार पुन्हा फोन करतो, नवा क्रमांक. सहा क्रमांक झाले तरी प्रत्येकाचं वय चार दिवसांचंच. खातेदारांनी पहिला क्रमांक आणि पहिली तारीख सोडू नये. पुढच्या प्रत्येक पत्रात ‘मूळ तक्रार दिनांक’ म्हणून तोच लिहावा. तीस दिवस तिथूनच मोजायचे.

आणि अर्धे पैसे ‘सद्भावना म्हणून’ परत करण्याची तुमची आवडती रीत. पैसे घ्यावेत, पण त्याच दिवशी एका ओळीचं उत्तर पाठवावं: अंशतः रक्कम मिळाली, उरलेल्या रकमेबद्दल तक्रार कायम आहे. सद्भावनेत चूक मान्य केलेली नसते, त्यामुळे सिस्टीममधलं सेटिंग तसंच राहतं आणि पुढच्या तिमाहीत तोच चार्ज पुन्हा येतो.

इथे तुम्हाला एक आठवण. ठरावीक संख्येच्या वर शाखा असलेल्या व्यापारी बँकांना अंतर्गत लोकपाल नेमावा लागतो. पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची प्रत्येक तक्रार त्याच्याकडे तुम्हीच पाठवायची असते, खातेदाराने मागायची गरज नाही, आणि तीस दिवसांच्या आत अंतिम उत्तर द्यायचं असतं. अर्धे पैसे देणं म्हणजे अंशतः फेटाळणं. तरीही बहुतेक नकारपत्रांत अंतर्गत लोकपालाचा उल्लेखही नसतो. यापुढे प्रत्येक नकारावर आम्ही एक प्रश्न उलट टपाली विचारणार: हे प्रकरण अंतर्गत लोकपालाने पाहिलं का आणि कुठल्या तारखेला? ज्यांच्याकडे उत्तर नसेल त्यांचं हे मौन आम्ही रिझर्व्ह बँकेकडे जोडपत्र म्हणून लावू.

तीस दिवस उलटले किंवा उत्तर असमाधानकारक आलं की पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांची. २०२१ च्या योजनेत त्यासाठी बँकेच्या उत्तरानंतर एक वर्ष, उत्तरच नसेल तर तक्रारीपासून एक वर्ष आणि तीस दिवस मुदत ठेवली होती; आज लागू असलेल्या योजनेतली मुदत तपासून घ्यावी, आणि थांबून काही हशील नाही. भायखळ्याला, मुंबई सेंट्रल स्टेशनसमोरच्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत लोकपालांचं कार्यालय आहे म्हणून बरेच जण कागद घेऊन तिथं जातात. तक्रारी स्वीकारण्याचं काम या योजनेपासून चंदीगडच्या केंद्रात होतं. टपालाने पाठवायची तर तिकडे, योजनेतल्या नमुन्यात आणि सही करून. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार नोंदवण्याच्या पोर्टलवर, मोबाइलच्या ओटीपीने. फी नाही. चौकशीला १४४४८.

पोर्टलवर तक्रारी गुणवत्तेवर पडण्यापेक्षा सुरुवातीच्या प्रश्नांतच जास्त पडतात. आधी बँकेकडे लेखी तक्रार केली होती का, तिची प्रत जोडली का, तीस दिवस झाले का, हाच वाद कोर्टात आहे का, तक्रार वकिलामार्फत करताय का. भाचा वकील आहे म्हणून त्याच्या नावाने भरली की संपलं. भरून द्यायला कोणीही बसावं, तक्रारदार खातेदारच हवा. बँकेकडे तक्रार न करता थेट आलेली तक्रार पुन्हा बँकेकडेच जाते. आणि मजकुरात ‘चार्ज अवास्तव आहेत’ असं लिहिलं की तो व्यावसायिक निर्णय ठरतो, तर ‘नोटीस न देता कापला’ असं लिहिलं की सेवेतली त्रुटी. एकाच तक्रारीचं भवितव्य या एका वाक्यावर ठरतं. वेळ, खर्च आणि मनस्तापासाठी २०२१ च्या योजनेत एक लाखापर्यंत भरपाई देता येत होती. ५९० रुपयांच्या प्रकरणात लाख मागणाऱ्याला कोणी गंभीरपणे घेत नाही, पण टपाल, झेरॉक्स आणि बुडालेल्या रोजाचा हिशेब मांडून मागायला काहीच हरकत नाही.

सहकारी बँकांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मुंबईत दादर-लालबागपासून मुलुंडपर्यंत हजारो कुटुंबांचा व्यवहार त्यांच्याशीच आहे. बिगर-शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँक कायद्याच्या अनुसूचीत नसलेली, नागरी सहकारी बँक असेल तर तिच्या ठेवी ५० कोटींच्या वर असल्या की तीही लोकपाल योजनेत येते. त्याखालच्या बँकांच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जातात. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिथल्या कपातीबद्दल सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडेच जावं लागतं, आणि हे माहीत नसल्याने पोर्टलवर महिने वाया जातात.

लोकपालांनीही फेटाळलं किंवा रक्कम मोठी असली तर जिल्हा ग्राहक आयोग. उपनगरातल्यांसाठी वांद्रे पूर्वेला, शहरातल्यांसाठी परळला. दोन वर्षांची मुदत, राहत्या जागेच्या हद्दीत दाखल करता येतं, छोट्या रकमांना फी नाही, मराठीत लिहिता येतं, वकील लागतोच असं नाही. एकाच वेळी दोन्हीकडे तोच वाद नेता येत नाही, म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम. आणि दोन वर्षांचं कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवून.

तुमच्याकडून काय हवंय ते आता सांगतो. खातेदाराने मराठीत लिहिलं तर उत्तर मराठीत द्या. फॉर्म आणि पासबुक इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत ठेवायचं बंधन जुनं आहे, उत्तरालाच काय धाड भरली? एका खात्यावर चूक सापडली की त्याच दिवशी त्याच कोडखाली कापलेली बाकीची खाती तपासा आणि न मागता परत करा. चूक सिस्टीमची असेल तर ती एकाच खात्यावर झाली असं कसं म्हणता? परताव्याच्या नोंदीत ‘सद्भावना’ ऐवजी कुठल्या तारखेचा कुठला चार्ज परत केला ते लिहा. कॉल सेंटरला तक्रार बंद करायचा अधिकार, खातेदाराने ‘हो’ म्हटल्याशिवाय, देऊ नका. आणि शाखेतल्या फलकावर तुमचं नाव, ईमेल आणि फोन मराठीत, पंख्याखाली न फडफडणाऱ्या कागदावर, खातेदाराच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

पहिल्या खेपेची पत्रं तुमच्या ईमेलवर येतील. प्रत्येकात नोंदींचा तक्ता असेल. उत्तरही त्याच तक्त्यात, नोंदीपुढे नोंद, भरून पाठवावं. तक्ता कोरा आला किंवा आलाच नाही, तर एकतिसाव्या दिवशी तोच पोर्टलवर चढवला जाईल.

आपले,
मुंबईतल्या खातेदारांची तक्रारपत्रं तयार करून देणारे काही निवृत्त बँक कर्मचारी व कार्यकर्ते